‘बंद करून टाकू’ म्हणण्याआधी

हाताने बांधलेल्या वह्या आणि डायऱ्या विकणं हा माझा धंदा. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दीड खोली, त्यात एक लोखंडी स्क्रू-प्रेस, कापायचा पाट, पुठ्ठ्यांची चळत आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद असतं, ते विषारी, त्यामुळे पातेल्यावर लाल रंगाने फुली मारलेली आहे. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत ‘बंद करून टाकू हे सगळं’ असं मी इतक्यांदा म्हटलंय की आता नवरा मान वर करूनही बघत नाही. दोनदा मात्र ते खरं होता होता राहिलं. दोन्ही वेळा प्रेस विकायची जाहिरात फोनमध्ये लिहून तयार होती, एकदा तर फोटोसकट.

त्या दोन वेळांतून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. मूर्ती, दागिने, केक, फोटो, चित्रं, कपडे, सजावट, असं स्वतःच्या हातचं काही विकून जे पोट भरतात त्यांच्यासाठी. ‘धीर सोडू नका’ असं मी कुठेही म्हणणार नाही. कधी कधी सोडणंच बरोबर असतं, आणि ते नीट कसं सोडायचं हेही खाली आहे. माझं म्हणणं इतकंच की सोडावंसं वाटणं हे तापासारखं असतं. डेंग्यूलाही ताप, साध्या सर्दीलाही ताप. थर्मामीटर दोन्हीकडे १०२ दाखवू शकतो. औषध मात्र वेगळं. म्हणून आधी रक्त तपासायचं.

पहिल्या रात्री काही करायचं नाही

नारायण पेठेत एक बाइंडर काका आहेत. मी काम त्यांच्याकडे बघून शिकले. नवी बांधलेली वही तासाभरात प्रेसमधून काढली की ते ओरडायचे, “ताई, ओली आहे अजून! आत्ता उघडलीत तर पुठ्ठा जन्मभर वाकडा राहील.” वही रात्रभर दाबाखाली ठेवायची, सकाळी बघायची. निर्णयालाही मी तोच नियम लावते.

म्हणजे त्या रात्री इन्स्टाग्रामचं खातं उडवायचं नाही. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर ‘एक महत्त्वाचं सांगायचंय’ असा मेसेज टाकायचा नाही. यंत्र, भट्टी, लेन्स विकायला काढायची नाही. घाईने विकणाऱ्याचा चेहरा समोरच्याला लगेच वाचता येतो आणि भाव तिथेच पडतो. घरमालकाला नोटीस द्यायची नाही. नोकरीचा अर्ज मात्र खुशाल करा. त्याने काही मोडत नाही, उलट बाहेर आपल्याला किती पगार मिळू शकतो हा आकडा पुढे हिशोबाला लागणारच आहे.

जेवा आणि झोपा. रात्री अकरानंतर धंद्याबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष मी ग्राह्य धरत नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच करा: ज्यांचे पैसे घेतलेत त्यांचं काम पुढे सरकवा. नवी ऑर्डर, नवं डिझाइन, नवी पोस्ट, काही नको.

पंधरा दिवसांची नोंद

एक कोरं पान घ्या. (माझ्याकडे पानांना तोटा नाही.) ज्या ज्या वेळी ‘बंद करू’ मनात येईल त्या वेळी एक ओळ लिहायची: तारीख आणि वार, किती वाजले होते, त्याआधी अर्ध्या तासात काय घडलं, आदल्या रात्री किती तास झोप झाली, आणि खात्यात साधारण किती पैसे आहेत. बायकांनी पाळीची तारीखही टाकावी. मला तिचा उपयोग झाला. भावना लिहायच्या नाहीत. ‘खूप निराश वाटतंय’ या ओळीतून काही कळत नाही. ‘मंगळवार, दुपारी साडेबारा, आत्ताच अमुक कंपनीच्या अकाउंट्सला फोन केला’ या ओळीतून सगळं कळतं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ठाम समजूत होती की मी बांधणीलाच कंटाळले आहे. पंधरा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. नऊपैकी सहा वेळा त्याआधी मी थकलेल्या पैशांसाठी कुणाला तरी फोन केला होता. दोनदा रात्री चार तासांच्या आत झोप होती. एकदा नणंदेने विचारलं होतं, “अजून वह्याच का?” आणि फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत बसलेली असताना एकदाही नाही. मला बांधणी सोडायची नव्हतीच. वसुली सोडायची होती.

तुमच्या नोंदीत वेगळं निघेल. एका छायाचित्रकार मित्राच्या नोंदीत सगळं रविवारी रात्री येत होतं, कारण सोमवारी लग्नाचे तीन-चार हजार फोटो निवडायला बसायचं असायचं. त्याने निवड करायला एक मुलगा महिन्याच्या पगारावर ठेवला आणि प्रश्न बराचसा मिटला. पूर्ण नाही, पण बराचसा.

तारीख बघा, मग तिथी बघा

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त उपयोगी हीच आहे.

गणपतीच्या आधी दोन महिने सजावट, मूर्ती, मखर, पूजेची वस्त्रं करणारे लोक झोप विसरतात. अनंत चतुर्दशीला मिरवणूक संपते, आणि त्याला लागूनच पितृपक्ष येतो. खरेदी नाही, मुहूर्त नाही, नवीन बोलणी नाहीत. अंग सगळ्यात थकलेलं आणि फोन सगळ्यात शांत, हे दोन्ही एकाच पंधरवड्यात. त्या पंधरवड्यात ज्याला ‘आपलं संपलं’ असं वाटत नाही, त्याने बहुधा काम नीट केलेलं नसतं.

लग्नपत्रिका, रुखवत, मेंदी, वधूचे दागिने करणाऱ्यांचं असंच चातुर्मासात आणि पौषात होतं. दिवाळी अंकांची चित्रं काढणारे श्रावण-भाद्रपदात घाण्याला जुंपलेले असतात, आणि अंक घरोघरी पोचले तरी मानधन पोचलेलं नसतं. माझं म्हणाल तर दिवाळीपासून जानेवारीपर्यंत डायऱ्या, जूनमध्ये थोड्या वह्या. फेब्रुवारी ते मे दुष्काळ. वर जुलैमध्ये हवा इतकी ओली की खळ सुकत नाही आणि पुठ्ठे वाकतात. प्रेस विकायची जाहिरात मी कधी लिहिली होती ते नंतर पाहिलं. पहिली मार्चमध्ये, दुसरी जुलैमध्ये.

तेव्हा मागच्या दोन-तीन वर्षांची विक्री महिन्यानुसार एका कागदावर मांडा. बिलं नसतील तर यूपीआयचे जमा मेसेज आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं. त्यावर तुमच्या नोंदी ठेवा. पडतीच्या महिन्यात दरवर्षी हेच वाटत असेल, तर उपाय धंदा बंद करणं नाही. तो महिना आधीच अंदाजात धरणं आहे. भरतीच्या महिन्यांत येणाऱ्या रकमेतून ठरावीक वाटा वेगळ्या खात्यात टाका आणि दुष्काळात स्वतःला तिथून पगार द्या. मी पंचवीस टक्के टाकते. पहिली दोन वर्षं ते जमलं नाही, तिसऱ्या वर्षी जमलं.

तासाला किती सुटतात?

आता जरा रुक्ष भाग, पण हा टाळू नका. ‘परवडत नाही’ असं म्हणणाऱ्या दहा जणांना तासाला किती सुटतात ते विचारा, सहसा कुणाला सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं.

माझी त्या वेळची एक साधी डायरी घेऊ. विक्री ४५० रुपये. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा, खळ, फीत आणि पॅकिंग मिळून १६५. प्रदर्शनातला स्टॉल, वेबसाइट, पैसे स्वीकारण्याचं शुल्क यांचा सरासरी वाटा ६०. अप्पा बळवंत चौकातली कागदाची फेरी, कटिंग, रिक्षा यांचे २५. झाले २५०. हाती २०० राहिले, म्हणून मी खूश होते.

भाडं आणि वीज महिना ६,००० होती, डायऱ्या जात होत्या साधारण ६०. म्हणजे दर डायरीमागे आणखी १०० गेले. राहिले १००. आणि वेळ? बांधणीचे पन्नास मिनिटं मी धरत होते. फोटो काढणं, ‘ताई निळ्यात आहे का’ला उत्तर देणं, पत्ता नीट मागून घेणं, खोकं बांधणं, कुरियरपर्यंत जाणं, ही चाळीस मिनिटं मी धरतच नव्हते. एकूण दीड तास. दीड तासाला १०० म्हणजे तासाला सुमारे ६७ रुपये. हा आकडा कागदावर आला त्या दिवशी मला रडू आलं नाही, उलट हायसं वाटलं. मी आळशी नव्हते, मला व्यवसाय जमत नाही असंही नव्हतं. ६७ रुपये तासाने काम करणाऱ्या कुणालाही सोडावंसंच वाटेल.

मग किंमत ६५० केली. विक्री पडणार हे धरून चालले आणि ती पडलीही, ६० वरून ४५ वर. पण आता प्रत्येक डायरीमागे भाडं सोडून ४०० सुटत होते. ४५ गुणिले ४०० म्हणजे १८,०००, त्यातून ६,००० भाडं-वीज वजा, उरले १२,०००. आधी ६० डायऱ्या करून ६,००० उरत होते. डायऱ्या पंधरा कमी, तास साडेबावीस कमी, पैसे दुप्पट. जी पंधरा गिऱ्हाइकं गेली त्यातली बरीच तीच होती जी ‘थोडं कमी करा ना, आपलेच आहोत’ म्हणायची.

किंमत वाढवूनही तासाचा आकडा तुमच्या गरजेच्या जवळपास येत नसेल, तर ती वस्तू काढून टाका. आख्खा धंदा नव्हे, ती वस्तू. प्रत्येक वस्तूचा हा हिशोब वेगळा करा. दोन-तीन वस्तू बाकीच्यांना खात असतात आणि बहुधा त्या आपल्या सगळ्यात लाडक्या असतात.

जाता जाता जीएसटीचं. कुणीतरी सांगितलं म्हणून नंबर घेतलेला असतो आणि दर महिन्याला विवरणपत्राचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकत असाल तर साधारणपणे वस्तूंना वर्षाला ४० लाख आणि सेवांना २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असेल तर पाच कोटींच्या आतल्यांना तिमाही विवरणपत्राचा पर्याय २०२१ पासून आहे. सीएंना एकदा विचारून घ्या. ही खाज थांबली तरी महिन्यातले दोन दिवस बरे जातात.

अडकलेले पैसे

माझा खरा आजार हा होता. एका कंपनीला नववर्षाच्या २०० डायऱ्या दिल्या. माल वेळेवर गेला, कौतुकाचा ईमेल आला. पैसे आले जूनमध्ये. मधल्या काळात कागदवाल्याची उधारी, मुलीची फी, आणि दर मंगळवारी फोनवर एकच संगीत. (अजून ती धून कुठे ऐकू आली की माझ्या पोटात खड्डा पडतो.)

मला तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते तुम्ही आजच करून ठेवा. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून नाव नोंदवणं. सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने होते आणि फुकट असते. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. वस्तू बनवणारे आणि सेवा देणारे सूक्ष्म-लघु उद्योग असले की २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण काहीही झालं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तरीही दिले नाहीत तर याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी. माल देऊन झाल्यावर केलेली नोंदणी त्या व्यवहाराला उपयोगी पडेलच असं नाही.

दुसरं, आणि हे तक्रारीपेक्षा लवकर लागू पडतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही; पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, देय तारीख लिहा, आणि ज्याने ऑर्डर दिली त्याला नव्हे, अकाउंट्स विभागाला फेब्रुवारीत विनम्र ईमेल करा. ‘प्लीज सर, बघा ना’ नाही. ‘आमची नोंदणी सूक्ष्म उद्योगाची आहे, बिलाची मुदत अमुक तारखेला संपली, वर्षअखेरीआधी भरणा करावा’ एवढंच.

आणि नव्या कामाला निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना. पहिल्यांदा हे म्हणताना माझा आवाज कापत होता. समोरचे गृहस्थ “बरं” म्हणाले आणि यूपीआयचा नंबर मागितला. तोवर इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं! वसुलीचे फोन मी आता फक्त गुरुवारी सकाळी दहा ते अकरा करते आणि त्यानंतर लगेच प्रेसवर बसते.

थकवा आहे की दुसरं काही

नोंदीत झोप सातत्याने कमी दिसत असेल, तर आधी चार दिवस खरोखर बंद ठेवा. घरी बसून ‘जरा पॅकिंग उरकते’ म्हणायचं नाही, कारखान्याला कुलूप. चार दिवसांनी हात शिवशिवायला लागले तर तो थकवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात कामाच्या अशा जळून जाण्याची तीन लक्षणं दिली आहेत: अंगातली शक्ती संपणं, कामाबद्दल परकेपणा किंवा तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. गिऱ्हाइकाने साधा रंग विचारला तरी चीड येत असेल तर ते दुसरं लक्षण समजा.

पण दोन आठवडे झाले तरी कशातच रस नाही, फक्त कामात नव्हे तर जेवणात, माणसांत, आवडत्या मालिकेत सुद्धा. झोप उडालीय किंवा उठवतच नाही. जगणंच नकोसं वाटतंय, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. त्या अवस्थेत धंद्याचा निर्णय घ्यायचाच नाही, ना सोडायचा ना वाढवायचा.

साध्या थकव्यावर कायमचा इलाज म्हणजे वेळ ठरवणं. पुण्यातल्या दुपारी एक ते चार बंद दुकानांवर सगळ्या महाराष्ट्राने विनोद केले. मीही करायचे. आता माझ्या दारावर ‘१ ते ४ बंद’ अशी पाटी आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्या वेळेचं आपोआप उत्तर लावलंय. रात्री आठनंतरही तसंच. तक्रार करणारा एकच निघाला, आणि त्याने आजवर काही विकत घेतलेलं नाही.

कामच आवडेनासं झालं असेल तर

हे खरं असू शकतं, फक्त वाटतं त्यापेक्षा कमी वेळा असतं. ओळखायची माझी रीत: न विकण्यासाठी एक वस्तू बनवायची. फोटो नाही, पोस्ट नाही, किंमत नाही. तीन संध्याकाळी द्यायच्या. मजा आली तर तुम्हाला विकण्याचा कंटाळा आलाय, बनवण्याचा नाही. मजा नाही आली तर सामग्री बदलून बघा किंवा काही नवं शिकून बघा. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. मी तिथे जाऊन लगद्याचा ताव उचलला जाताना पाहिला आणि पुढचे दोन महिने वेगळ्याच वह्या केल्या. कुंभारकाम करणाऱ्याने कसब्यातल्या तांबट आळीत तासभर उभं राहावं. दुसऱ्याच्या हाताचा ठोका ऐकला की आपल्या हाताला काहीतरी आठवतं.

मात्र इन्स्टाग्रामवर प्रेरणा शोधायला जाऊ नका. तिथे सगळ्यांच्या डायऱ्या सरळ असतात.

कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही

‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य ज्यांच्या तोंडावर तयार असतं त्यांना नोंद पूर्ण होईपर्यंत काही सांगू नका. सल्ले मागायची तर पुण्यात गरजच नाही, टेकडीवर सकाळी फिरायला गेलात तरी मिळतात.

घरात एकाला खरा आकडा दाखवा. भावना नको, तासाचा हिशोब आणि महिन्याचा कागद दाखवा. माझ्या सासूबाई हिशोब बघून म्हणाल्या, “अगं, एवढ्यात तर आमची स्वयंपाकीणबाई पण यायची नाही.” किंमत वाढवायचं बळ मला त्या वाक्याने दिलं. आणि आपल्याच कामातल्या, पण आपल्याशी स्पर्धा नसलेल्या एखाद्याला महिन्यातून एकदा भेटा. मी आणि कुंभारकाम करणारी एक मैत्रीण महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिसळ खातो आणि एकमेकींचे थकलेले पैसे मोजतो.

तीन महिन्यांचा कागद

रोग कळला, एक इलाज निवडला, की त्याला मुदत द्या. तीन महिने पुरतात. फक्त त्यांत तुमच्या भरतीचा एक तरी महिना यायला हवा, नाहीतर परीक्षाच खोटी. कागदावर तारीख घालून तीन गोष्टी लिहा.

या काळात मी काय बंद ठेवणार: एकच गोष्ट. माझ्या कागदावर ‘आगाऊ रक्कम न देणाऱ्या कंपन्यांची ऑर्डर घेणार नाही’ एवढंच होतं.

कोणता आकडा आला तर चालू ठेवणार: ‘जरा बरं चाललं तर’ नको. महिन्याला हाती इतके, तासाला इतके. बाहेरच्या नोकरीचा जो पगार कळला होता तो इथे शेजारी मांडा. त्याच्या बरोबरीने मिळायलाच हवं असं नाही, पण किती कमी चालेल हे आधी लिहा. नंतर लिहिलं तर आपण स्वतःशी लबाडी करतो.

घरातले किती पैसे यात आणखी जाऊ देणार: त्यापुढे एक रुपया नाही, सोन्यावर कर्ज नाही, पीएफ नाही. आतापर्यंत किती घातले हे या कागदावर अजिबात लिहू नका. ते गेले. ‘एवढे घातलेत म्हणून’ हे कारण पुढे चालू ठेवायला नेहमी पुरतं आणि म्हणूनच ते धरायचं नाही.

मुदत संपायच्या दिवशी कागद उघडायचा, मधे नाही. अर्धवट उपायही या कागदावर बसतात: आठवड्यातले तीन दिवस नोकरी, उरलेले धंद्याला, किंवा फक्त ऑर्डरवर काम, साठा शून्य. याला हार समजणारे भेटतील. त्यांना तुमचं भाडं भरायला सांगून बघा.

सोडायचं ठरलं तर

मग नीट सोडा. शेवटची ऑर्डर घ्यायची तारीख आधी ठरवा आणि जाहीर करा. बरेचदा शेवटच्या महिन्यात विक्री चांगली होते, ते पैसे देणी फेडायला वापरा. जे काम होणार नाही त्याची आगाऊ रक्कम स्वतःहून परत करा, मागायची वाट बघू नका. मदतीला येणाऱ्या ताईंना सगळ्यात आधी सांगा, गिऱ्हाइकांच्याही आधी, आणि शक्य असेल तर त्यांना दुसरं काम बघून द्या.

जीएसटी नंबर असेल तर तो रद्द करायचा अर्ज करावा लागतो, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. हे राहिलं तर धंदा बंद होऊनही नोटिसा येत राहतात. गुमास्ता (दुकानाची) नोंदणी आणि उद्यम नोंदणी बंद करा. चालू खातं सगळ्यात शेवटी बंद करा, कारण थकलेले पैसे आणि टीडीएसचा परतावा तिथेच यायचा असतो. नाव, चित्रं, साचे, डिझाइनच्या फाइली यांची एक प्रत जपून ठेवा. कुणी वापरायला मागितलं तर लेखी आणि मोबदला घेऊन द्या. हत्यारं एकगठ्ठा भंगारात घालू नका, शिकणारी मुलं सुट्या वस्तूंना चांगली किंमत देतात.

मिसळवाल्या मैत्रिणीने गेल्या वर्षी हे सगळं क्रमाने केलं. तिची नोंद वेगळी होती, तीन महिन्यांचा कागद उघडला तेव्हा आकडा आला नव्हता, आणि तिने भट्टी विकली. चाक ठेवलं. आता ती एका शाळेत कला शिकवते, रविवारी चाकावर बसते आणि जे होतं ते शाळेच्या भट्टीत भाजते. पहिला शनिवार आमचा चालूच आहे. परवा मी खळीसाठी झाकणाची एक बरणी मागितली. तिने वही काढली, जुनाच दर सांगितला, आणि म्हणाली, “निम्मे आगाऊ.”